तीन दिवसांच्या गोळ्या

पुंडलिकराव गेले त्याला आता वर्ष होत आलं. नाचणगावात आणि पुलगावात त्यांच्या हातचं खाल्लं नाही असं घर सापडणं कठीण. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, पन्नास पानं असोत नाहीतर दोन हजार, रांधायला पुंडलिकराव. माझ्या लग्नात त्यांनीच रांधलं, आणि माझे वडील गेले तेव्हा तेरवीची कढीही त्यांचीच होती. मी धनंजय. पुलगावात माझं औषधांचं दुकान आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या दुकानापासून लिहावं लागतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

आचारी म्हटल्यावर डोळ्यांपुढे सुटलेल्या पोटाचा माणूस येतो. पुंडलिकराव काटकुळे होते. छप्पन वर्षांचं वय, अंगात पांढरा बनियान, खांद्यावर दुपट्टा. भट्टी पेटवण्याआधी ते अंघोळ करत आणि मग त्या जागेत कुणाला चपला घालून येऊ देत नसत. आमच्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा चुरा, न खाणारा माणूस शोधावा लागतो. पुंडलिकरावांनी खर्रा कधी तोंडात घातला नाही. विचारलं की म्हणायचे, "रांधनाऱ्याची जीभ कोरी पाह्यजे, भाऊ. तिच्यावर दुसरं काई बसलं का ती खोटं बोलते."

त्यांना भाजी चाखताना मी लहानपणापासून पाहिलं होतं. आलू-वांग्याच्या गंजाजवळ उभं राहून सराट्यावरचा एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे, जीभ लावायचे, डोळे मिटायचे आणि मुठीनं मीठ टाकायचे. दुसऱ्यांदा चाखत नसत. जिजाबाई म्हणून एक बाई वीस वर्षं त्यांच्याबरोबर पोळ्या करायला जायच्या. त्या सांगतात, एवढ्या वर्षांत त्यांनी "पाहा वो, मीठ बराबर हाय का?" असं एकदाही विचारलं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात, ऐन लगनसराईत, ते दुकानात आले. उजवा गाल सुजला होता.

"भाऊ, दाढ ठणकून राह्यली. काई जोरदार द्या."

"दाताच्या डॉक्टरले दाखवा, पुंडलिकराव. आत पू झाला असन."

"दाखवतो ना. पन उद्या वायगावले लग्न हाय, परवा देवळीले. दाढ काढली तं दोन दिवस तोंड बधिर राह्यते. मंग म्या चाखू कायनं?"

मी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. अमॉक्सिसिलिनची मोठी गोळी सकाळ-संध्याकाळ, सोबत दुखणं थांबवायची. डॉक्टरची चिठ्ठी मी मागितली नाही. तीन दिवसांनी सूज उतरली. रस्त्यानं जाताना त्यांनी दुकानाकडे पाहून हात वर केला, आणि मला बरं वाटलं. औषध लागू पडलं की दुकानदारालाही थोडं आपणच डॉक्टर असल्यासारखं वाटतं.

पंधरा दिवसांनी दाढ पुन्हा ठणकली. पुन्हा त्याच गोळ्या. मे महिन्यात तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "आता ह्या गोळीनं फरक नाई पडून राह्यला." त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस क्लिंडामायसिनच्या नमुन्याच्या पट्ट्या ठेवून गेला होता. दाढेच्या पुवावर ही चांगली, असं तो म्हणाला होता, आणि ते खोटंही नाही. मी ती दिली. फार्मसीच्या पदविकेला होतो तेव्हा पुस्तकात या औषधाखाली धोक्याची एक ओळ होती, अन् परीक्षेत ती मी लिहिलीही होती. काउंटरवर उभा असताना ती आठवली नाही. आठवली असती तरी मी थांबलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

जूनच्या सुरुवातीला त्यांनी एकदाची दाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे आणखी पाच दिवसांचं औषध लिहिलं. आधी काय काय घेतलं ते पुंडलिकरावांनी त्यांना सांगितलं नाही. ती चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडेच आले आणि मी काही न बोलता पट्टी कापून दिली. दोन महिन्यांत त्यांच्या पोटात गेलेलं हे चौथं औषध होतं.

आठ दिवसांनी ते आले ते तोंडाला दुपट्टा लावून.

"तोंड जळून राह्यलं, भाऊ. पानी बी तिखट लागते."

मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. जिभेवर, गालांच्या आत पांढरा थर बसला होता, फाटलेल्या दुधासारखा. बोळ्यानं पुसला तर खाली लालभडक. मी तोंडात लावायचं जेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. चव लागते का, असं मी विचारलं. त्यांनी औषधाची पुडी खिशात घातली आणि म्हणाले, "चलतो. उशीर होऊन राह्यला."

त्यानंतर पोट सुरू झालं. दिवसातून दहा-बारा वेळा, पाण्यासारखं. मला वाटलं, पावसाळ्याचं बाहेरचं पाणी. मी जुलाबावर नेहमी जातात त्या गोळ्या दिल्या. त्यातही दोन अँटिबायोटिक असतात. आणि पोट बांधून ठेवायची एक वेगळी. त्या दुसऱ्या गोळीनं एक दिवस थांबलं. त्या एका दिवसाच्या भरवशावर ते बोरगाव मेघेला लग्नाच्या कामाला गेले.

त्या लग्नाला मी नव्हतो. जिजाबाईंनी नंतर सांगितलं. रूपराव म्हणून कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांच्या मुलीचं लग्न. चातुर्मास लागायच्या आधीचा शेवटचा मुहूर्त. सकाळपासून पुंडलिकराव भट्टी सोडून पाच-सहा वेळा गेले. दर वेळी हातपाय धुऊन, बनियान बदलून परत येत. तिसऱ्यांदा बनियान बदलला तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या.

मग भाजीची वेळ आली. त्यांनी तळहातावर थेंब घेतला, जीभ लावली, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. मूठभर मीठ टाकलं. पुन्हा थेंब घेतला. जिजाबाईंनी त्यांना दुसऱ्यांदा चाखताना पहिल्यांदाच पाहिलं. पुन्हा मूठभर टाकलं. तिसऱ्यांदा घेतला. जिजाबाई लाटणं ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, म्या पाहू का?" ते म्हणाले, "तुमी पोया पाहा."

पहिल्या पंगतीत भाजी पानांत तशीच राहिली. वराकडच्या कुणीतरी घास काढून टाकला. रूपराव स्वतः मागे आले. ओरडले नाहीत. चमचाभर रस्सा चाखून म्हणाले, "पुंडलिकराव, तुमची तब्येत बरी दिसत नाही. तुम्ही बसा. आम्ही पाहतो." मग दही-बटाटे घालून, पाणी ओतून कुणीतरी ती भाजी कशीबशी सावरली. पुंडलिकराव सभागृहाच्या मागच्या पायरीवर बसून होते. जवळून जाणाऱ्या एका पाहुण्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं: "रांधनाऱ्याचंच पोट खराब, मंग अन्न कसं असन?"

येताना टेम्पोत ते जिजाबाईंना म्हणाले, "वीस दिवस झाले. मले ना मीठ समजते, ना गोड समजते. तोंडात माती घातल्यासारकं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? रांधनाऱ्याची जीभ मेली म्हनून सांगू?"

दोन दिवसांनी ताप चढला, पोट फुगून ढोलासारखं झालं आणि ते न्हाणीत पडले. बायकोनं, आनंदाबाईंनी, आणि मुलीनं, काजलनं, त्यांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. काजल पुलगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. घरात सापडलेल्या रिकाम्या पट्ट्या तिनं पिशवीत घालून नेल्या, आणि डॉक्टरांना त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. डॉक्टर ऋचा म्हणून एक तरुण बाई होत्या. खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि पुंडलिकरावांना समजावून सांगायला लागल्या. मी पायथ्याशी उभा होतो. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

"काका, आपल्या तोंडात आणि आतड्यात जन्मापासून जिवाणू राहतात. कोट्यवधी. ते रोग करत नाहीत. अन्न पचवायला मदत करतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून ठेवतात, म्हणून वाईट जंतूंना पाय रोवता येत नाही. तुम्ही दाढेसाठी गोळ्या घेतल्या. त्या गोळीला दाढेतला जंतू कोणता आणि पोटातला कोणता हे कळत नाही. ती सगळ्यांनाच मारते."

"म्हंजे माह्या पोटात किडे होते, अन् ते मेले म्हनून मी बिमार पडलो?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"किडे नाही. पण हो, जे असायला हवे होते ते मेले. तोंडातले गेले तशी तिथं बुरशी वाढली. जिभेवर पांढरं आलं ते तेच. आतड्यातले गेले तसा एक जंतू माजला. तो या गोळ्यांना दाद देत नाही, आणि त्याचं विष आतड्याला जखमा करतं. पहिल्या जुलाबालाच आला असतात तर सोपं होतं. नंतर जुलाबाच्या म्हणून घेतल्या त्या गोळ्यांनी उरलेलेही गेले, आणि पोट बांधायच्या गोळीनं विष आत कोंडलं. कुणी दिल्या हो तुम्हाला या?"

पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग छताकडे पाहून म्हणाले, "म्याच घेतल्या, बाई. माह्या मनानं."

मी बोलायला हवं होतं. मी खाटेची दांडी धरून उभा राहिलो. डॉक्टरबाई उठून पुढच्या खाटेकडे गेल्या आणि ती वेळ निघून गेली.

दहा दिवस पिण्याचं महाग औषध चाललं. जुलाब थांबले. घरी सोडलं. काजल कॉलेजात गेली असताना आनंदाबाई सुट्टीचा कागद घेऊन माझ्या दुकानात आल्या.

"भाऊ, इंग्रजीत हाय. काय लिहिलं ते सांगा. कोनती गोळी कवा द्याची, खायाले काय द्याचं."

मी वाचून सांगितलं. गोळ्या सांगितल्या, ताक-भात द्या म्हणून सांगितलं, संडासाहून आल्यावर साबणानं हात धुवा म्हणून सांगितलं. वरच्या बाजूला रोगाच्या इतिहासात एक ओळ होती: रुग्णानं डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय, गावातल्या औषध दुकानातून, वारंवार अँटिबायोटिक घेतल्या. ती ओळ मी गाळली. आनंदाबाईंनी कागदाची नीट घडी केली, "तुमचे लय उपकार हायत," असं म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या महिन्यात तो आजार परतला. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की परतू शकतो, कारण आतड्यात अजून जागा अडवणारं कुणी नव्हतं. पुन्हा दवाखाना, पुन्हा तेच औषध, पुन्हा घरी. गणपतीत तिसऱ्यांदा. वजन एक्केचाळीसवर आलं होतं. काम तर बोरगावच्या लग्नानंतर कुणी सांगितलंच नव्हतं. लोक तब्येतीची चौकशी करायला येत, पण काजलनं पुढे केलेला चहाचा कप हातात घेऊन खाली ठेवत. पुंडलिकरावांना ते दिसत होतं. चौथ्या-पाचव्या माणसानंतर ते स्वतःच म्हणायला लागले, "चहा नका करू, त्याइले घाई हाय."

त्या दिवसांत मी रोज जात होतो. एकदा काजल मला बाहेर सोडायला आली. मी तिला म्हटलं, "काजल, त्या कागदावर एक ओळ होती. म्या तुह्या आईले वाचून नाई दाखवली."

"मी बसमधेच वाचलं होतं, काका."

"मंग आईले काऊन नाई सांगितलं?"

"बाबानं नाई सांगू म्हटलं. धनंजयभाऊनं आपलं काई वाईट नाई केलं, म्यानंच मागितल्या, म्हने." तिनं फाटक लावलं. "तुमाले मी काई म्हनून नाई राह्यली, काका. पन रोज येत नका जाऊ. तुमी आले का बाबा बरं असल्याचं दाखवत बसते, अन् गेल्यावर त्याइची ताकद जाते."

तिसऱ्या वेळी डॉक्टर ऋचांनी एक नवा उपाय सांगितला. नागपुरात एका ठिकाणी होतो. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, तिच्यातले चांगले जिवाणू नळीनं आजारी माणसाच्या आतड्यात सोडायचे. पुष्कळांना यानं गुण येतो. घरातलं कुणी देणारं असेल तर बरं. काजल म्हणाली, मी देते.

पुंडलिकरावांना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

काजलनं समजावलं, आनंदाबाई रडल्या. शेवटी मला बोलावलं. मी सांगितलं की वास नसतो, दिसत नाही, तोंडातून द्यायचं नाही, रक्त चढवतात तसंच हे समजा.

त्यांनी आधी स्वतःचे हात पाहिले, आणि माझ्याकडे वळले. "भाऊ, म्या तीस वर्सं लोकाइले जेवू घातलं. एका मानसाच्या पानात केस नाई निंगू देला. आता पोरीचं हे अंगात घेऊन जगू?"

"पुंडलिकराव, जीव वाचते."

"वाचून करू काय? जीभ येईन का माघारी?"

काहींची चव परत येते, काहींची नाही, एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

"तुमी ज्या गोळ्या देल्या त्या म्या घेतल्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हे नाई घेत."

काजल त्यांच्या पायाशी बसली होती. ती उठून बाहेर गेली. आठ-दहा दिवस तिनं त्यांना रोज विचारलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी हो म्हटलं की नुसती मान हलली, कुणास ठाऊक, पण काजलनं ते हो धरलं आणि नागपूरला फोन केला. पुढच्या सोमवारी बोलावलं. शनिवारी पोट पुन्हा फुगलं. वर्ध्याला नेलं तोवर आतडं फाटायला आलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून आतड्याचा मोठा भाग काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. शेवटी मी त्यांच्याजवळ नव्हतो. दुकानात होतो.

तेरवीला वर्ध्याहून केटरर आणला. जिजाबाई पोळ्या करायला आल्या, पण लाटायला बसल्या नाहीत. मांडवाबाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. कढी होती, वडे होते, बुंदी होती. आनंदाबाई पानावर बसल्या आणि उठल्या.

त्यानंतर मी दुकानात पाटी लावली: चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही. पहिल्या आठवड्यात लोकांनी वाचली. दुसऱ्या आठवड्यात ते पाटी वाचून समोरच्या दुकानात जायला लागले. माझ्यासमोर रस्ता ओलांडून, तीच पट्टी घेऊन, माझ्यासमोरूनच परत जायचे. काही नातेवाईक होते, काही वर्गमित्र. एक जण म्हणाला, "काऊन गा, मास्तर झाला का तू?" दीड महिना मी ती पाटी ठेवली. मग रंगकाम काढलं तेव्हा ती उतरवली आणि पुन्हा लावली नाही. आता मी कुणाला देतो, कुणाला नाही. ज्याला देतो त्याला तोंडी सांगतो, डॉक्टरला दाखवा. तो हो म्हणतो.

मागच्या महिन्यात आनंदाबाई आल्या. काजलला नागपुरात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, घरी त्या एकट्याच असतात. घसा बसला होता, अंगात कणकण होती.

"भाऊ, त्याइले देल्ली होती ना, ती मोठी गोळी, तीन दिवसाची द्या."

मी म्हटलं, "वहिनी, नाई देत. वर्ध्याले डॉक्टरीनबाईले दाखवा. घसा आपोआप बी बरा होईन."

"दवाखान्यात जाऊन काय झालं त्याइचं? चालत गेला मानूस."

चालत गेले नव्हते. पण आता त्यांच्या मनात तसंच होतं.

तेव्हा मी सांगितलं. काउंटरवर, दोन गिऱ्हाइकं उभी असताना. दाढेपासून सांगितलं, चारही औषधं सांगितली, जुलाबाच्या गोळ्या सांगितल्या, कागदावरची गाळलेली ओळ सांगितली. म्हटलं, "वहिनी, दवाखान्यानं नाई, माह्या गोळ्यांनी गेले ते."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "तुमी जिवाले नका लावून घेऊ, भाऊ. तुमच्या गोळीनं तं त्याइची सूज उतरली होती. म्या माह्या डोयानं पाह्यली."

मी पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, "बरं, बसा," म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायऱ्या चढल्या.